वाचक विचारतात : कशाच्या मानाने मोठं?

या महिन्याच्या पत्रांत बांगडा आहे, नातू आहे, खाडीतला खेकडा आहे, गवा आहे. प्रश्न मात्र बहुतेक एकाच जागी येऊन थांबतात: दोन जिवांच्या अंगाची ठेवण ताडून पाहायची तर आकडे कसे घ्यायचे? रत्नागिरीत प्राणिशास्त्र शिकवताना मुलांना घेऊन मी मिरकरवाड्याच्या बंदरावर मासे मोजायला जात असे, त्यामुळे हा विषय निघाला की मला आवरतं घेता येत नाही. पहिलं उत्तर म्हणूनच लांबलं आहे.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सातवीला गुणोत्तर-प्रमाण शिकवताना बाजारातून बांगडे, तारल्या आणि एक पापलेट आणून मुलांना मोजायला दिलं. ‘बांगडा मोठा, म्हणून त्याचं डोकं मोठं’ यापलीकडे काही निघेना. शिवाय एकाच बांगड्याची लांबी आणि उंची यांचं गुणोत्तर तीन गटांनी तीन वेगळं काढलं. भागाकार तर तिघांचाही बरोबर होता. मग गोंधळ कुठे आहे? (गुहागर तालुका)

बाई, तुमच्या तिन्ही गटांनी मोजलं बरोबरच. पण ‘लांबी’ म्हणून तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी मोजल्या असणार. माशाच्या लांब्या तीन. तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत ती पूर्ण लांबी. तोंडापासून शेपटी जिथे दुभंगते त्या खाचेपर्यंत ती दुसरी. हिला आपण खाचेपर्यंतची लांबी म्हणू. आणि तोंडापासून शेपटीचं पर जिथे अंगाला जोडलेलं असतं तिथपर्यंत ती प्रमाणित लांबी. मासा हातात धरून शेपूट डावी-उजवीकडे वाकवा, जिथे घडी पडते तिथे ही तिसरी लांबी संपते.

आता समजा एका बांगड्याची पूर्ण लांबी २३ सेंटिमीटर, खाचेपर्यंत २०.५, प्रमाणित १९ आणि अंगाची उंची ४.५ सेंटिमीटर आहे. पहिल्या गटाला उत्तर येईल ५.१, दुसऱ्याला ४.६, तिसऱ्याला ४.२. हा फरक किरकोळ समजू नका. आपल्या बांगड्याची ओळख पटवताना अंगाची उंची कल्ल्याच्या झाकणाच्या मागच्या कडेशी घेतात आणि ती खाचेपर्यंतच्या लांबीत किती वेळा बसते ते पाहतात. आपल्या बांगड्यात ती ४.३ ते ५.२ वेळा बसते. अंदमानकडे याचा एक रुंद अंगाचा भाऊबंद सापडतो, त्याच्यात ३.७ ते ४.३ वेळाच. म्हणजे तिसऱ्या गटाने आपलं ४.२ घेऊन पुस्तक उघडलं, तर गुहागरच्या बाजारातला बांगडा अंदमानचा ठरेल! गुणोत्तर सांगताना कशाला कशाने भागलं हे वहीत लिहिल्याशिवाय त्या आकड्याला काहीही किंमत नाही. मुलांना पहिल्या तासाला एवढंच पक्कं कळलं तरी मला खूप समाधान वाटेल.

मोजण्यासाठी लाकडी फळी घ्या, एका टोकाला आडवी पट्टी ठोका आणि माशाचं तोंड तिला टेकवा. मोजपट्टी फळीवरच चिकटवलेली असावी. टेप माशाच्या पोटावरून फिरवू नका. फुगीर अंगावरून गेलेला टेप लांबी वाढवून दाखवतो. डोकं, डोळा, उंची यांसाठी कंपासपेटीतलं कर्कटक उत्तम. मासा गाभोळीने भरलेला असेल तर पोट खाली आलेलं असतं आणि उंची फसवते, म्हणून तसे मासे वेगळे नोंदवा. फॉर्मलिनच्या बरणीत ठेवलेला मासा आक्रसतो. ताज्या आणि बरणीतल्या माशांची मापं एका तक्त्यात मिसळू नका.

मग ‘डोकं मोठं’ या प्रश्नाकडे या. बांगड्याचं डोकं सेंटिमीटरमध्ये तारलीपेक्षा मोठं असेलच, कारण अख्खा बांगडाच मोठा आहे. पण प्रत्येकाचं डोकं त्याच्या स्वतःच्या लांबीने भागलं की तुलना सुरू होते. तारलीचं डोकं तिच्या प्रमाणित लांबीच्या २९ ते ३५ टक्के असतं. तिच्यासोबत जाळ्यात येणाऱ्या पेडव्यांचं, म्हणजे तिच्याच भाऊबंद माशांचं, सहसा याहून आखूड. समजा तारली १४ सेंटिमीटर आणि डोकं ४.३, म्हणजे जवळजवळ ३१ टक्के. कोळणी तारली आणि पेडवे नजरेनेच निवडतात, आणि त्यांच्या नजरेत डोक्याची ही लांबी नक्की येते असं मला बंदरावर नेहमी वाटायचं. पापलेटचं अंग तर इतकं उंच की लांबी उंचीच्या दुप्पटही भरत नाही. शेजारी वाकटी ठेवा, तिची लांबी उंचीच्या दहापटीहून कितीतरी जास्त. पापलेट २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे, हेही मुलांना सांगा. आपल्या राज्यमाशाची मापं त्यांना पाठ असावीत.

ही रीत जुनी आहे. फ्रान्सिस डे हे मद्रासच्या सैन्यातले डॉक्टर. १८७० च्या दशकात त्यांनी भारतातल्या माशांची जी वर्णनं छापली, त्यांत प्रत्येक माशाचं डोकं, उंची आणि डोळा ‘लांबीत किती वेळा’ असाच दिलेला आहे. मासा बोटभर असो की हातभर, वाचणाऱ्याला त्याची ठेवण कळते.

आता एक जपून घेण्याची गोष्ट. एकाच जातीत लहान माशाचा डोळा डोक्याच्या मानाने मोठा असतो आणि वाढीबरोबर ते प्रमाण कमी होतं. त्यामुळे पिल्लू-बांगड्याची तुलना पूर्ण वाढलेल्या तारलीशी करू नका. उलट, लहानापासून मोठ्यापर्यंत जमतील तेवढे बांगडे मोजा आणि आलेखकागदावर आडव्या अक्षावर लांबी, उभ्या अक्षावर डोळ्याचा व्यास असे बिंदू मांडा. बिंदू शून्यातून जाणाऱ्या सरळ रेषेत येतात की वाकतात, हे पाहताना वर्गात जो गलका होतो तो मला अजून आवडतो.

मुलांना चित्रकला आवडत असेल तर आणखी एक उद्योग द्या. डार्सी थॉम्पसन या स्कॉटिश प्राणिशास्त्रज्ञाने १९१७ साली एका माशाची आकृती चौकोनी जाळीवर काढली आणि मग ती जाळीच ताणली, तिरकी केली, वाकवली. जाळीबरोबर मासाही बदलला आणि दुसऱ्याच जातीच्या माशासारखा दिसू लागला. काटेरी साळमाशाच्या आकृतीवरून त्याने समुद्रातल्या प्रचंड सूर्यमाशाची आकृती अशीच मिळवली. तुमच्या मुलांनी बांगड्याची जाळी उभ्या दिशेने ताणून बघावी. पापलेट हुबेहूब येणार नाही. कुठे येत नाही, ते शोधणं हाच खरा अभ्यास.

प्रश्न : नातू दोन महिन्यांचा आहे. त्याचं डोकं अंगाच्या मानाने फार मोठं दिसतं. सून म्हणते असंच असतं. खरं का? (ठाणे)

सूनबाईंचं खरं आहे, आजी. जन्मतः डोक्याची उंची एकूण लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असते. मोठ्या माणसात ती सातवा ते आठवा हिस्सा. बाळाच्या अंगाचा मध्य बेंबीच्या आसपास येतो, आपला त्याच्या बराच खाली, कारण नंतरच्या वर्षांत पाय जास्त वेगाने वाढतात. बालरोगतज्ज्ञ कमरेखालच्या भागाने वरच्या भागाला भागून पाहतात. जन्मतः हे गुणोत्तर सुमारे १.७ असतं आणि दहाव्या वर्षाच्या सुमारास १ वर येतं. डोक्याचा घेर मात्र डॉक्टर तक्त्यावर दर वेळी नोंदवतात. तो कसा वाढतोय हे त्यांनाच विचारा, नजरेच्या अंदाजावर राहू नका.

प्रश्न : आमच्या खाडीच्या चिखलात एक नांगी अंगाएवढी आणि दुसरी इवलीशी असलेले खेकडे असतात. लहान खेकड्यांत ही मोठी नांगी तेवढी मोठी दिसत नाही. जात वेगळी असते का? (अलिबाग)

जात एकच असू शकते, तुमचं निरीक्षण अगदी नेमकं आहे. मोठी नांगी फक्त नराला असते. ती हलवून तो मादीला बोलावतो आणि दुसऱ्या नराशी झुंजतो. चिखल उचलून खायला त्याला छोटी नांगीच उपयोगी पडते. मादीच्या दोन्ही नांग्या छोट्याच. ही मोठी नांगी उरलेल्या अंगापेक्षा वेगाने वाढते, म्हणून तिचं अंगाशी असलेलं गुणोत्तर वयाबरोबर बदलत जातं.

याचं फार सुंदर मोजमाप ज्युलियन हक्सली या इंग्रज जीवशास्त्रज्ञाने शंभर वर्षांपूर्वी केलं. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या अशाच खेकड्यांचे आकारानुसार गट पाडून, नांगी वेगळी आणि उरलेलं अंग वेगळं अशी वजनं त्याने मांडली. सगळ्यात लहान गटात अंग सरासरी ५७.६ मिलिग्रॅम आणि नांगी ५.३, म्हणजे नांगी अंगाच्या अकराव्या हिश्श्याएवढी. सगळ्यात मोठ्या गटात अंग २२३३ मिलिग्रॅम आणि नांगी १३८०. म्हणजे अंगाच्या तीन-पंचमांशाहूनही जास्त. अंग सुमारे ३९ पट झालं, तेवढ्यात नांगी २६० पट!

गंमत पुढेच आहे. गुणोत्तर सारखं बदलत असलं तरी त्या बदलाला शिस्त आहे. अंग दुप्पट झालं की नांगी जवळजवळ तिप्पट होते, पुन्हा दुप्पट झालं की पुन्हा तिप्पट. नेहमीच्या आलेखकागदावर ही रेषा वर वळत जाते. दोन्ही अक्षांवर लॉगरिदम घेतले की ती बरीचशी सरळ होते. अशा वाढीला १९३६ साली हक्सली आणि फ्रान्सचे तेसिए यांनी ‘ॲलोमेट्री’ हे नाव दिलं. तुमच्या खाडीतले दोन खेकडे वेगळ्या जातीचे आहेत का, हे ठरवायचं तर सारख्या आकाराचे नर शेजारी ठेवा. लहान आणि मोठा ठेवलात तर तुम्ही जातीऐवजी वय मोजाल. आणि खेकडे मोजून जिथले तिथे सोडून द्या, भरतीच्या आत.

प्रश्न : दाजीपूरला गवे पाहिले. परतताना एकाने पिसोरी हरणाचा फोटो दाखवला, पाय पेन्सिलीसारखे! दोघांचं शरीर सारख्याच कामांसाठी, तर पायांच्या जाडीत एवढा फरक का? (कोल्हापूर)

तुमचा प्रश्न थेट १६३८ सालचा आहे. त्या वर्षी छापलेल्या आपल्या शेवटच्या ग्रंथात गॅलिलिओने दोन हाडं काढून दाखवली: एक लहान प्राण्याचं, दुसरं तिप्पट लांब. तेच काम करायला ते दुसरं हाड तिपटीहून कितीतरी जाड, जवळजवळ बेढब काढावं लागलं होतं. आपण त्याचा हिशेब सह्याद्रीतल्या जनावरांवर करू.

पिसोरी साधारण ३ किलोची, खांद्याशी २८ सेंटिमीटरच्या आसपास उंच. तिचं प्रत्येक माप ६.५ पट वाढवू या. उंची होईल १८२ सेंटिमीटर, म्हणजे चांगल्या गव्याएवढी. वजन लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही दिशांनी वाढतं: ६.५ चा घन सुमारे २७५, म्हणून ८२५ किलो. हेही गव्याला शोभणारं. पण हाड भार पेलतं ते आपल्या आडव्या छेदावर, आणि छेद दोनच दिशांनी वाढतो: ६.५ चा वर्ग सुमारे ४२. म्हणजे भार २७५ पट, पेलणारी जागा ४२ पट. हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साडेसहापट ताण. अशी वाढवलेली पिसोरी उभी राहील एक वेळ, पण धावताना पाय मोडेल. म्हणून गव्याचं हाड लांबीच्या मानाने जाड आहे. त्यात मोठी जनावरं पाय जास्त सरळ ठेवून उभी राहतात, म्हणजे भार हाडाच्या लांबीतून खाली जातो. पिसोरीचे पाय दुमडलेले, केव्हाही उसळी घ्यायला तयार.

हाच घनाचा हिशेब मासळीबाजारातही चालतो. लांबीने दुप्पट बांगडा वजनाने सुमारे आठपट भरतो. ठेवण तीच राहिली तर. मासा सुटलाय की रोडावलाय हे पाहायला मत्स्यशास्त्रात वजनाला लांबीच्या घनाने भागतात आणि शंभराने गुणतात. २० सेंटिमीटरचा, ९० ग्रॅमचा बांगडा असेल तर १.१ च्या थोडं वर.

प्रश्न : निसर्गातल्या प्रत्येक सुंदर आकारात १.६१८ हे सुवर्ण गुणोत्तर असतं असं ऐकतो. माणसाची बेंबी, शंख, सूर्यफूल, सगळीकडे. आपण काय म्हणाल? (पुणे)

सूर्यफुलाबद्दल होय, बाकीच्यांबद्दल नाही. सूर्यफुलात एकामागून एक येणाऱ्या बियांमध्ये सुमारे १३७.५ अंशांचा कोन असतो. हा कोन सुवर्ण गुणोत्तरातूनच निघतो आणि त्यामुळे बियांच्या डावीकडे आणि उजवीकडे वळणाऱ्या चक्रांची संख्या ३४ आणि ५५ अशी येते. ते अंगणात मोजून पाहता येतं.

नॉटिलस या समुद्री प्राण्याच्या शंखाचं मात्र तसं नाही. सुवर्ण सर्पिल, म्हणजे या गुणोत्तरातून निघणारं वेटोळं, एका पूर्ण वेढ्यात ६.८५ पट रुंदावतं. नॉटिलस साधारण तिप्पटच. त्याचं सर्पिल नियमित आहे, देखणं आहे, पण ते त्याचं स्वतःचं आहे. बेंबीचं म्हणाल तर आपल्या सोसायटीतल्या माणसांची उंची आणि बेंबीपर्यंतची उंची मोजून भागाकार करा. आकडे माणसागणिक बदलतील, काही १.६ च्या जवळ येतील, काही येणार नाहीत. माझा खरा आक्षेप पद्धतीला आहे. अंगावर मोजता येण्यासारखी ठिकाणं शेकडो आहेत. उत्तर आधी ठरवून हवी ती दोन माप-टोकं निवडली तर कुठलंही गुणोत्तर सापडेल. टोकं आधी ठरवा, वहीत लिहा, मग मोजा.

प्रश्न : शेताच्या बांधावर बसलेल्या लाल तोंडाच्या माकडाचा फोटो पाठवत आहे. हे दक्षिणेतलं टोपीसारख्या केसांचं माकड की उत्तरेतलं ऱ्हीसस? (रावेर, जळगाव जिल्हा)

तुमच्याकडे हा प्रश्न पडणं साहजिक आहे. या दोन माकडांच्या मुलखांची सीमा पश्चिमेला तापी आणि पूर्वेकडे गोदावरी अशी मानली जाते. ओळखायला शेपटीइतकं सोपं काही नाही. टोपीवाल्या माकडाची शेपटी डोकं आणि धड मिळून जेवढं भरतं तेवढी किंवा थोडी जास्तच असते. ऱ्हीससची निम्म्याच्या आसपास. वानराची तर अंगाहून लांब, पण त्याचं तोंड काळं, त्यामुळे तो गोंधळ नाही.

फोटोत सेंटिमीटर कळत नाहीत, गुणोत्तर मात्र कळतं, जर दोन्ही मापं कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर असतील. तुमच्या फोटोत माकड बाजूने दिसतं आणि शेपटी बांधावरून सरळ लोंबते आहे, हे नशीबच. मोठ्या छापील प्रतीवर दोरा शेपटीवरून आणि मग डोक्यापासून पाठीवरून शेपटीच्या बुडापर्यंत फिरवला. उत्तर आलं ०.६ च्या जवळ. बसल्यामुळे पाठ आखडली आहे, म्हणजे धड प्रत्यक्षाहून थोडं कमी मोजलं गेलं आणि गुणोत्तर वाढून आलं. तरीही ते १ च्या बरंच खाली आहे, म्हणून हे ऱ्हीसस. मागच्या अंगावरची नारिंगी झाक आणि डोक्यावर मधोमध भांग पाडून पसरलेल्या केसांची टोपी नसणं, या दोन्ही खुणा त्याला दुजोरा देतात.

तापीच्या दोन्ही काठांवर अशी माकडं दिसली तर फोटो जरूर पाठवा. बाजूने काढलेले, शेपटी टोकापर्यंत दिसणारे, शक्य तर चारी पायांवर उभ्या असलेल्या माकडाचे. पिल्लाचा फोटो असेल तर तसं लिहा. गाव आणि तारीखही हवी.